पाठकोरे कागद

टौरंगाहून फोन आला तेव्हा मी राष्ट्रीय दिनाच्या निमंत्रितांची यादी तपासत होते. फोनवर आमचे ऑनररी कॉन्सुल होते. दूतावास राजधानीत, म्हणजे वेलिंग्टनमध्ये असतो. दूरच्या शहरांत मात्र तिथल्याच एखाद्या प्रतिष्ठित माणसाला देश आपलं काम बघायला सांगतो. त्याला पगार नसतो. दारावर एक पितळी पाटी, वर्षातून एक जेवण, आणि कुणाचा पासपोर्ट हरवला की रविवारी उठून धावायचं. आमचे कॉन्सुल किवीफळं निवडून पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाउसचे मालक होते आणि हे काम वीसेक वर्षं करत होते. एरवी ते फोनवर आधी 'किया ओरा' असा इथला नमस्कार करायचे, मग हवेबद्दल बोलायचे, मग माझ्या मुलीची चौकशी करायचे. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही.

"मला काढताय असं कळलं," ते म्हणाले. "मंत्रालयाला कळवायच्या आधी मला एक फोन केला असता, तर बरं वाटलं असतं."

मी विचारलं, "सर, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

"ते मी सांगणार नाही. त्या व्यक्तीचा त्यात काही दोष नाही."

फोनवर कुणी महत्त्वाचं बोललं तर ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवायचं आणि वर पाठवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी तसंच केलं. अर्ध्या तासात चिठ्ठी माझ्याकडे परत आली. 'त्या व्यक्तीचा' या शब्दांखाली सेकंड सेक्रेटरी साहेबांनी लाल शाईने रेघ मारली होती.

हा दूतावास कोणत्या देशाचा हे मी लिहिणार नाही. कामावर लागताना तशी सही केली आहे आणि ती सही नोकरी संपल्यावरही लागू राहते. एवढं सांगते की तो आपल्या देशाचा नाही, आणि तो छोटा आहे. टेकडीच्या उतारावर एक जुनं लाकडी घर, त्यावर झेंडा आणि आत सहा माणसं. या सहांत दोन जाती असतात. एक, त्यांच्या देशातून आलेले. ते तीन वर्षांनी बदलून जातात, वर्षाच्या शेवटी त्यांच्यावर गोपनीय अहवाल लिहिला जातो आणि पुढची बदली त्या अहवालावर ठरते. दुसरे आम्ही, लोकल स्टाफ. आम्हाला बदली नाही, बढतीही नाही, गाडीवर झेंडा तर नाहीच. पण कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या मंत्र्याला कोळंबी चालत नाही आणि कोणत्या दोन राजदूतांना शेजारी बसवायचं नाही, हे आम्हालाच माहीत असतं. साहेब येतात आणि जातात. त्यांचं विसरलेलं आम्ही लक्षात ठेवतो.

मी तिथे प्रोटोकॉलचं, म्हणजे राजशिष्टाचाराचं, काम बघायची. बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी शिकलेली मुलगी, घरातली पहिली पदवीधर. विद्यार्थी व्हिसावर इथे आले, शिकता शिकता एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध आणि वर्तमानपत्रं विकली. त्यानंतर ही नोकरी. तिचे उपकार मी अजून मानते. राजदूतांनी मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू कोणती?" मी म्हटलं होतं, "मला दुसऱ्याचं वाचायची सवय नाही." ते हसले आणि मला घेतलं. त्या उत्तरात मी काय कबूल केलं होतं, हे मला नंतर कळलं.

कॉन्सुलना बदलायचं ठरलं आहे हे चौघांनाच माहीत होतं. राजदूत, सेकंड सेक्रेटरी, मसुदा टाइप करणारी मी, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरला कुणी काही सांगत नाही, पण गाडीत मागच्या सीटवर जे बोललं जातं ते पुढच्या सीटवर ऐकू येतंच. राजदूतांचा बेत खरं तर चांगला होता. ते स्वतः टौरंगाला जाणार होते. आधी जेवण, मग पदक, मग बातमी. इथल्या परराष्ट्र मंत्रालयाला द्यायचं पत्र फक्त तयार करून ठेवलं होतं. या पत्राला नोट म्हणतात. त्यावर कुणाचीच सही नसते. 'दूतावास मंत्रालयाला आपला आदर सादर करतो' अशी सुरुवात, मधे काय असेल ते कडू-गोड, आणि शेवटी पुन्हा आदर. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ असा आदर सादर करण्यात गेला.

त्या आदराची सगळ्यात जास्त थट्टा करायचे ते आमचे ड्रायव्हर. मूळचे फिजीचे, साठीला आलेले, आधी वेलिंग्टनच्या सिटी बस चालवायचे. मी त्यांना अंकल म्हणायची. ते मला मास्टरनी म्हणायचे, कारण मी त्यांच्या लॉगबुकातल्या चुका सुधारायची. मंत्रालयात नोट हातानेच पोचवावी लागते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी आम्ही बरोबर जायचो. मी पुढच्या सीटवर, मांडीवर लिफाफा.

"आज काय पोचवायचंय, मास्टरनी?"

"आदर."

"परवाच तर दिला! संपला इतक्यात? एवढा आदर आमच्या घरात मला चाळीस वर्षांत मिळाला नाही."

"तुम्ही घरी नोट पाठवून बघा, अंकल."

"पाठवेन की. पण तुझ्या काकू लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवतील."

फोन आला त्या दिवसापासून हे बोलणं थांबलं.

सेकंड सेक्रेटरींनी एकेकाला बोलावलं. ते चाळिशीचे, अतिशय नीटनेटके गृहस्थ. त्यांची ही तिसरी पोस्टिंग, आणि पुढची चांगली मिळावी म्हणून ते श्वाससुद्धा मोजून घ्यायचे. बातमी फुटली ती त्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे त्यांच्या अहवालात ती ओळ येणार होती. त्यांनी मला समोर बसवलं आणि दार लावलं.

"तुम्ही याबद्दल घरी बोललात?"

"नाही, सर."

"कॉन्सुलशी तुमचे काही वैयक्तिक संबंध?"

"माझी नणंद त्यांच्या पॅकहाउसमध्ये काम करते. हे मी पहिल्याच वर्षी लिहून दिलं आहे."

"दिलं आहे. म्हणूनच विचारतो. तुम्ही इथून कागद घरी नेता?"

"नाही, सर."

मी खोटं बोलत होते. आणि आपण खोटं बोलतो आहोत हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

"गेल्या दोन महिन्यांत कुणाचं वागणं वेगळं वाटलं?"

इथे मी गप्प बसू शकले असते. पण विश्वासाने विचारलं की खरं ते सांगायचं, अशी माझी समजूत. आणि खरं सांगायचं तर त्या खुर्चीत बसल्यावर माझ्यावरचा संशय दुसरीकडे गेला तर बरं, असंही वाटलं. मी म्हटलं, "अंकलना, म्हणजे ड्रायव्हरना, मी एकदा कॉपियरपाशी पाहिलं. मला बघून त्यांनी कागद कोटात घातले. 'काही नाही, मास्टरनी' म्हणाले."

"कधी?"

"एप्रिलच्या शेवटी."

त्यांनी लिहून घेतलं. त्यांचं पेन अजिबात अडखळलं नाही.

पुढचे दिवस विचित्र गेले. प्रिंटरशेजारचा ट्रे काढून टाकला गेला. कपाटाच्या चाव्यांची वही आली. चहाच्या वेळी कुणी आत आलं की बोलणं बदलायचं. मला आपोआप गोष्टी दिसायला लागल्या. अंकल पार्किंगमध्ये फोनवर हिंदीत इतका वेळ कुणाशी बोलतात? गाडीच्या डिकीत ती निळी फाइल कसली? मंगळवारी ते घाईने का निघतात? हे सगळं आधीही होतंच, मी फक्त पाहत नव्हते. मग सेकंड सेक्रेटरी साहेबांबद्दलही वाटू लागलं. बातमी त्यांनीच फोडली नसेल कशावरून? राजदूतांचं नाव खराब झालं तर फायदा कुणाचा? एकदा घरी नवऱ्याने सहज विचारलं, "काय गं, तुमच्या कॉन्सुलचं काय झालं?" आणि मी भांडी घासता घासता थांबून त्याच्याकडे पाहिलं.

"तुला कसं माहीत?"

"तूच आठवडाभर झोपेत बडबडतेयस," तो म्हणाला. "आता मलाही नोंदवून ठेव वहीत."

जूनमध्ये अंकलना रजेवर पाठवलं. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' असं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मीच टाइप केलं. त्यांच्या नोकरीचा करार जुलैअखेर संपत होता आणि तो पुन्हा करायचा नाही असं ठरल्यासारखंच होतं. साठीतल्या माणसाला पुन्हा कोण कामावर घेणार? शिवाय 'का सोडलं' असं विचारल्यावर ते काय सांगणार? किल्ल्या देताना ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"मास्टरनी, लॉगबुक तपासून घे. शेवटचं आहे, चुका असतील."

मी वर पाहिलं नाही. चुका नव्हत्या.

जुलैत शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही टौरंगाला नणंदेकडे गेलो. ती पॅकहाउसमध्ये फळांची प्रत तपासते आणि दर रविवारी तिथल्या मराठी मुलांना मराठी शिकवते. पंधरा-सोळा मुलं, बहुतेक इथेच जन्मलेली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. वर्ग पॅकहाउसच्या स्मोको रूममध्ये भरतो. स्मोको म्हणजे इथल्या कामगारांची चहाची सुट्टी. खोली मालक फुकट देतात. मालक म्हणजे आमचे कॉन्सुल.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. भिंतीवर मुलांचे कागद लावले होते. एका कागदावर एक अक्षर, मोठ्ठं, खाली चित्र. कमळ, गवत, बदक. माझ्या मुलीने वाचायचा प्रयत्न केला, कंटाळली, म्हणाली, "मम्मी, दीज आर हीप्स ऑफ लेटर्स," आणि बाहेर खेळायला पळाली.

"छान लावलेत गं," मी नणंदेला म्हटलं.

"वहिनी, कागद तुझेच. एप्रिलमध्ये एवढा गठ्ठा आणलास, अजून पुरतोय. आणि मालकांना फार आवडतात हे. सोमवारी सकाळी येऊन एकेक बघतात. एक तर त्यांनी मागूनच घेतला."

"कुठला?"

"ळ चा. बाळ काढलं होतं खाली. त्याची टेप सुटून तो उलटा लोंबत होता. मी लावायला गेले तर म्हणाले, राहू दे, हा मी ठेवू का? ज्या मुलीचा होता तिची आई गावभर सांगत फिरतेय."

"कधी घेतला?"

"मेमध्ये असेल. का गं? तुझा चेहरा असा का झाला?"

मी भिंतीवरचा 'क' अलगद उचलून मागे पाहिलं. राष्ट्रीय दिनाच्या जेवणाचा मेनू, दुसरा खर्डा. 'ग' च्या मागे पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या त्याचा नकाशा.

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील पंचायत समितीत शिपाई होते. तिथले मोठे बाबू भले होते. एका बाजूने छापलेले, रद्दीत जायचे कागद ते वडिलांना द्यायचे. आई दाभणाने त्यांच्या वह्या शिवायची. पाठकोऱ्या कागदांच्या त्या वह्यांवर मी बाराखडी शिकले आणि बी.ए.च्या नोट्सही त्यांवरच काढल्या. वडिलांचा एकच नियम होता. "मागचं वाचायचं नाही. ते सरकारचं आहे. कागदाची एकच बाजू आपली." मागे कुणाची बदली असायची, कुणाची चौकशी, कुणाच्या विहिरीचा अर्ज. मी कधी वाचलं नाही. डोळ्यांना तसं वळणच लागलं. छापील बाजू समोर आली की डोळे आपोआप घसरतात.

दूतावासात आल्यावर प्रिंटरशेजारच्या ट्रेमध्ये तसेच कागद दिसले. आधीच्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "न्या की, नाहीतरी रिसायकलिंगलाच जातात. ज्यावर शिक्का आणि नंबर आहे तेवढं नष्ट करायचं." तेव्हापासून दर महिन्याला मी गठ्ठा घ्यायची, न वाचता. चौकशीत साहेबांनी विचारलं, कागद घरी नेता का, तेव्हा मला हे आठवलंच नाही. माझ्या लेखी ते कागदच नव्हते. त्या पाठकोऱ्या होत्या. आणि मसुद्यावर शिक्काही नसतो, नंबरही नसतो.

सोमवारी सकाळी मी कॉन्सुलच्या ऑफिसात गेले. ते गमबूट घालूनच बसले होते. मला पाहून उठले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी खण उघडून कागद टेबलावर ठेवला. एका बाजूला ळ आणि तीन केसांचं बाळ. दुसऱ्या बाजूला 'दूतावास मंत्रालयाला आपला आदर सादर करतो'. समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'राजदूतांना दाखवायचे'. अक्षर माझं होतं.

"माझा अंदाज होता की कुणीतरी येईल," ते म्हणाले. "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही, सर?"

"काय सांगणार? सात वर्षांच्या मुलीच्या अभ्यासावर वाचलं म्हणून? तुमच्या लोकांनी वर्ग बंद करायला लावला असता. तुमच्या नणंदेला त्रास झाला असता. मी म्हटलं ना, त्या व्यक्तीचा दोष नाही."

"ती व्यक्ती म्हणजे ती मुलगी?"

"मग कोण?"

मी त्यांना ड्रायव्हरबद्दल सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "तो माणूस मला माझ्या बायकोच्या अंत्यविधीला घेऊन गेला होता," ते म्हणाले. "राजदूत विमानाने आले, तो वेलिंग्टनहून गाडी चालवत आला होता." मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हा तुमचा. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

परतीच्या वाटेवर कागद माझ्या पर्समध्ये होता. मुलगी मागे झोपली होती. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. ताउपोचं तळं मागे पडल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला.

"फाडून टाक," मग तो म्हणाला. "कॉन्सुल बोलणार नाहीत. दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि अंकल?"

"त्यांचं वाईट वाटतं. पण नोकरी तुझी जाईल. आणि नुसती जाणार नाही, डाग लागून जाईल. दूतावासातून काढलेल्या बाईला इथे कुठलं सरकारी ऑफिस घेईल?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी पर्स दोन्ही हातांनी धरून बसले. फाडायचं ठरवलं तरी मला तो कागद फाडता आला नसता, हे मला माहीत होतं. एक कोरी बाजू असलेला कागद मी आयुष्यात फाडलेला नाही. या कागदाला तर आता एकही कोरी बाजू उरली नव्हती.

मंगळवारी मी सेकंड सेक्रेटरींपुढे कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. वडील, वह्या, ट्रे, नणंद, स्मोको रूम. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, मग खाली ठेवला.

"हे तुम्ही का सांगताय?"

"कारण हे असं झालं, सर."

"ड्रायव्हर आणि तुम्ही हिंदीत बोलता."

"हो."

"त्याला वाचवायला तुम्ही हा कागद तयार केला नाही कशावरून? मसुदा तुमच्याकडे होता. मुलगीही तुमच्या घरात आहे. असं अक्षर काढायला तिला किती वेळ लागेल?"

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. दोन महिने मी याच नजरेने सगळ्यांकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, माझ्या मुलीला ळ काढता येत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे."

त्यांनी माझ्यासमोर टौरंगाला फोन लावला. बराच वेळ ते फक्त "हो", "समजलं" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "आपण हे लेखी द्याल का?" फोन ठेवल्यावर त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि राजदूतांकडे गेले.

निर्णय दोन दिवसांनी आला. त्यांच्या देशाच्या राजधानीला गेलेल्या अहवालात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पण इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, त्यात ळ नसणार. 'कार्यालयीन कागदांच्या विल्हेवाटीतील त्रुटी' असं काहीतरी असेल. त्यांच्या देशाची बातमी एका मराठी मुलीच्या शुद्धलेखनाच्या पाठीवरून फुटली, हे कुणाला लिहायला आवडेल? मला लेखी ताकीद मिळाली आणि प्रोटोकॉल काढून घेऊन व्हिसाच्या खिडकीवर बसवलं. नवं माणूस मिळेपर्यंत नोट पोचवायचं काम मात्र माझ्याकडेच ठेवलं, कारण मंत्रालयातला रस्ता मलाच माहीत होता. राजदूत टौरंगाला पदक घेऊन गेले. ते कसं झालं मला माहीत नाही. अंकलचा करार एका वर्षाने वाढला. फक्त एका वर्षाने. आधी नेहमी तीनचा व्हायचा.

ते कामावर आले त्या दिवशी मंत्रालयात एक नोट द्यायची होती. मी लिफाफा घेऊन खाली गेले. दक्षिणेचा वारा सुटला होता. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं, जसं राजदूतांसाठी धरतात.

"अंकल, मी पुढे बसते ना."

"एक विचारू?" ते म्हणाले. हिंदीत, हळू आवाजात. "कॉपियरचं साहेबांना कोणी सांगितलं? तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं."

मी दोन-तीन उत्तरं आधीच तयार ठेवली होती. ती सगळी वाऱ्याने गेली. "मी सांगितलं."

त्यांनी मान हलवली, जणू लॉगबुकातला आकडा जुळला. "आमच्या रामायण मंडळीची पानं होती. दर मंगळवारी वाचायला बसतो आम्ही, म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरात लागतात. ऑफिसच्या मशिनवर काढतो हे सांगितलं असतं तरी नोकरी गेली असती. म्हणून गप्प बसलो. तू विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं, मास्टरनी."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडून मंडळीचं पुस्तक मागून घेतलं. घरच्या प्रिंटरवर, दुकानातून नवं रीम आणून, पुढचा महिनाभर पुरतील एवढी पानं मोठ्या अक्षरात काढली. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी छापलं, कोरी जागा कुठे ठेवली नाही. गठ्ठा दोरीने बांधून नेला आणि गाडीपाशी त्यांच्या हातात दिला.

त्यांनी दोरी सोडली. वाऱ्यात पानं उडू नयेत म्हणून गठ्ठा बॉनेटवर दाबून धरला. मग अंगठ्याने एकेक पान उलटून त्याची मागची बाजू पाहिली. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी. मी लिफाफा घेऊन उभी राहिले. घाई करायचा मला हक्क नव्हता.

शेवटचं पान पाहून झाल्यावर त्यांनी दोरी पुन्हा बांधली, पुढचं दार उघडलं आणि गठ्ठा माझ्या जुन्या जागेवर ठेवला. त्यावर सीटबेल्टही लावला.

"मागे बस, मास्टरनी," ते म्हणाले. "पुढे जागा नाही."